दाढच नाय, तर फोटो कशाचा?

सुलूवहिनी माझी थोरली जाऊ. घिवलीत हळद कुणाच्याही घरची असो, गाणी तिचीच. आवाज असा की मांडवात भोंगा लावायची गरज नाय. तिच्या डाव्या गालाखाली सुपारीएवढी गाठ दिसायला लागली.

गाठ दुखत नव्हती. तिथली दाढ आठ वर्षांपूर्वीच बोईसरला काढलेली. पण वहिनीला मशेरीची सवय, आणि आळीतला चिंधू तोंडाच्या कॅन्सरनं कसा गेला ते आमी सगळ्यांनी पाह्यलेलं. सगळे समजून चुकले. दुसऱ्या दिवसापासून मी तिचा कप वेगळा ठेवला. हो, मीच. खोटं कशाला बोलू?

त्यात तिच्या एकुलत्या एक लेकीचं, वैष्णवीचं लग्न दोन महिन्यांवर. स्थळ कोळगावचं. वहिनीच्या नवऱ्यानं, कृष्णकांत भावोजींनी बजावलं, "लग्न होईस्तोवर डॉक्टरचं नाव काढायचं नाय. त्या रोगाचं नाव एकदा कागदावर आलं की कोळगावला बातमी गेलीच समजा."

वहिनी माझ्या मागे लागली. "शकू, तू सांग ना त्यांना. दाताच्या डॉक्टरणीकडं जाऊन एक फोटो काढून येऊ. दाढेचंच काहीतरी हाय गं हे."

"अगं बाई, दाढच नाय तिथं! फोटो कशाचा काढतेस, भोकाचा?"

सगळे हसले. तीही हसली, गालावर पदर धरून.

गाठ लिंबाएवढी झाली, पदराआड मावेना. मग लग्नाला आठ दिवस असताना भावोजींनी तिला सफाळ्याला तिच्या भावाकडं नेऊन सोडलं. पाहुण्यांना सांगायचं, कांजिण्या आल्यात. जाताना ती भांडली नाय. एवढंच म्हणाली, "हळदीला तरी आणा रे मला. लांब बसेन."

नाय आणलं. हळदीची गाणी मोबाईलवर लावली. बायकोशिवाय भावोजींना कन्यादानाला बसता येईना, म्हणून मी आणि माझे हे बसलो. वैष्णवी आईसाठी हुंदके देत होती, तर मी तिला चिमटा काढला. "गप! फोटोत तोंड सुजलेलं दिसेल."

लग्नानंतर बाराव्या दिवशी वहिनीला बोईसरला नेलं. सोबत मीच. डॉक्टरणीनं तिची हनुवटी मशीनवर टेकवली, मशीन डोक्याभोवती फिरलं, झालं. पडद्यावर जबड्याच्या हाडात एक काळा गोल, त्याला पांढरी स्वच्छ कड.

"दाढ काढली, पण तिच्या मुळाशी पाण्याची पिशवी होती ती आतच राहिली," डॉक्टरणी म्हणाली. "तीच एवढी वर्षं वाढत आली. अशी कड असली की बहुधा साधीच असते, तरी तपासून घेऊ." सुई घातली तर पिवळं पाणी आलं. "दोन महिने आधी का नाही आणलंत? हाड पार पातळ झालंय. ओठाची नस वाचेल असं आता सांगवत नाही."

वहिनीनं विचारलं, "मशीन किती वेळ फिरलं हो?"

"वीस सेकंद."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिशवी काढली, तपासायला पाठवली. कॅन्सर नव्हता. पण अर्धा ओठ बधिर झाला तो झालाच. चहा ओघळला तरी तिला कळत नाय. शब्द बोबडे येतात, म्हणून गाणं तिनं सोडलं.

परवा लग्नाचा व्हिडिओ आला, भावोजींनी टीव्हीवर लावला. मी वहिनीला नव्या कपात चहा दिला. तिनं तो उठून आपल्या जुन्या, वेगळ्या कपात ओतून घेतला आणि बघायला बसली. कन्यादान आलं. माझ्या हातून पाण्याची धार पडत होती, खाली वैष्णवीची ओंजळ.

"थांबवा तिथं," वहिनी म्हणाली. ओठावरून चहा ओघळत होता.

"शकू, तुजा हात जरासुद्धा थरथरला नाय गं."

मी पडद्याकडं पाह्यलं. खरंच नव्हता थरथरला.