एका मताचं बहुमत

सॅनिटायझरचा वास आला की बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधला तो वॉर्ड आठवतो. बाबा शेवटच्या घटका मोजत होते आणि दादा कॅनडातल्या एका प्रांताच्या विधानसभेत सत्ताधारी आमदार होता. "बाबा, आजच निघतो," तो फोनवर म्हणाला. बाबांनी विचारलं, "बहुमत कितीचं रे?" "एकाचं. उद्या बजेटवर मतदान आहे." "मग जागेवर बस. तुला लोकांनी निवडून दिलंय, मी नाही." दादा थांबला. दुसऱ्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "पास झालं, एका मताने! बाबांच्या कानाशी धर." बाबा नुकतेच गेले होते, नर्स पडदा ओढत होती. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. दादा बराच वेळ बोलत राहिला. बाबांनी ते ऐकलं, असं तो अजूनही समजतो.