नदीपलीकडे गेलेला बस्ता

“गाव कोन्या राज्यात आहे ते मले नोका विचारू. कोन्या फळीवर आहे ते विचारा,” असं म्हणत बाबूजी हातातला बस्ता फळीवर ठेवायचे आणि वरून तीनदा हलकेच थोपटायचे. निजलेल्या लेकराला थोपटतात तसं.

आमच्या तालुक्याच्या कचेरीत ते रेकॉर्डखोली सांभाळत. खोलीची किल्ली करगोट्याला, अंगात कोपरावर विरलेला काळा कोट. मी दाराबाहेरच्या टेबलावर बसून जुन्या कागदांच्या नकला लिहायचो. तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी कचेरीत उमर काढली असेल त्यांना असा एखादा माणूस भेटलाच असेल. साहेब येतात नि जातात, कचेरी मात्र त्याची असते.

गावागावाचे कागद लाल खारव्याच्या कापडात बांधलेले असत. त्याला आम्ही बस्ता म्हणायचो. बस्त्याला नेहमी सुरगाठ. एकदा मी पक्की गाठ मारली, तर बाबूजी उखडले. “कागद का चोर आहे? काऊन एवढा जखडून राहिला त्याले?” आणि नखांनी ती गाठ सोडवत अर्धा तास बसले. मला हात लावू दिला नाही.

जुन्या मध्यप्रांताचा इतिहास त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता, तो त्यांच्या हातांना माहीत होता. जुन्या जमीनदारीचं गाव कामठा, त्याचा बस्ता दोन हातांनी उचलावा लागे, गोंदियाचा सर्वांत जुना बस्ता दोन बोटांत मावे. “देखा? तेव्हा इथं गोंद नि लाख गोळा करणारे लोक राहत. दोन रेल्वेलाईनी भेटल्या आणि गाव फुगलं. कामठ्याले रेल्वे भेटली नाही, बस.” नागपूर राजधानी होतं त्या काळातले हुकूम त्यांना तोंडपाठ होते. आधी प्रांताचा मध्यप्रदेश झाला, मग छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, म्हणजे कागदावर. दारावरची पाटी दोनदा रंगवली गेली. बाबूजींनी मान वर करून ती वाचल्याचं मला आठवत नाही.

या छप्पन सालीच ती गोष्ट घडली. आमच्या खोलीत बाघ नदीपलीकडच्या गावांचेही जुने बस्ते होते. ती गावं मध्यप्रदेशात राहिली, तेव्हा त्यांचे कागद तिकडच्या जिल्ह्याला पाठवा, असा हुकूम आला. सोबत गावांची यादी होती. मी म्हटलं, “बाबूजी, मी यादी वाचतो, तुम्ही बस्ते काढा.”

“यादी तुझ्याजवळ ठेव. मले यादी लागत नाही.”

आणि खरोखर, बस्त्याची एक कड उचलून पहिलं पान पाहायचं आणि ठरवायचं, असं त्यांनी चालवलं. हिंदी पान नदीपलीकडे, मराठी पान अलीकडे. तीन दिवसांत छकडा भरून रवाना. मी यादी घडी करून खणात टाकली. तीही माझी चूकच म्हणायची, पण ती मला कोणी विचारली नाही.

दीड वर्षानं नदीअलीकडच्या एका गावाहून एक कोहळी म्हातारा आला. तलाव बांधणाऱ्यांची जात. त्याच्या पणज्यानं त्या गावच्या तलावाची पाळ घातली होती.

“बाबूजी, तलावाचा कागद पायजे. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. पण मालगुजाराचा भाचा पाट अडवून राहिला. म्हणते, पाणी आधी माह्या धानाच्या बांधीत. खालच्या लोकायचा धान वाळून राहिला. साहेबापुढं पेशी लागली हाये.”

“मंग घाबरता काऊन, पाटील? पाणी पहिले शेपटाच्या, पाटाच्या शेवटल्या बांध्यांले, मंग वर. तुमच्या गावच्या रिवाजाच्या कागदात लिहिलं आहे. मी वाचलं आहे.”

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी डोकावलो. बाबूजी एका रिकाम्या जागेसमोर उभे होते. त्या फळीवर धुळीत फक्त बस्त्याचा चौकोन उमटलेला होता.

त्यांच्या ध्यानात लगेच आलं. त्या गावचे कागद ज्या मुन्शीनं लिहिले तो नदीपलीकडचा होता, त्यानं सगळं हिंदीत लिहिलं होतं. बाबूजींनी पहिलं पान पाहिलं आणि छकड्यात टाकलं. यादीत ते गाव नव्हतंच.

मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, “बाबूजी, ‘कागद उपलब्ध नाही’ असं लिहून द्या. कोण विचारतंय?”

हे मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते. पण लपवलं तर बाबूजींचं चित्र पुरं होणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. बाहेर येऊन म्हाताऱ्याच्या अर्जावर लिहिलं: ‘या गावचा बस्ता माझ्या चुकीने परराज्यात गेला. यादी न पाहता मी तो पाठवला.’ खाली सही. मग म्हाताऱ्याला म्हणाले, “पाटील, पेशी कधी आहे?”

“बारा दिस हायेत.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाबूजी छोट्या लाईनच्या आगगाडीत बसले. पलीकडच्या कचेरीत त्यांना सांगण्यात आलं की बस्ता परत न्यायचा तर भोपाळ आणि मुंबई यांचा पत्रव्यवहार व्हावा लागेल. तेव्हा ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना नकला दिल्या, तो परक्या कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन रांगेत उभा राहिला. चार दिवस. नक्कल मिळाली. परत आले तेव्हा पायांना सूज होती. म्हणाले, “त्यायनं बस्त्याले पक्की गाठ मारली आहे रे.” एवढंच.

पेशीला मीही होतो. भाच्याचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, परराज्यातल्या कचेरीची नक्कल, तिचा या गावाशी काय संबंध? साहेबांनी नकलेसोबत जोडलेला म्हाताऱ्याचा अर्ज उलटला. बाबूजींच्या हातचं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि नक्कल मान्य केली. त्या हंगामात पाणी आधी शेपटाच्या बांध्यांत गेलं.

ते वाक्य मात्र वरपर्यंत पोचलं. चौकशी झाली. बाबूजींनी एका शब्दानं बचाव केला नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढलं. किल्ली करगोट्यावरून सोडून त्यांनी माझ्या हातात दिली, तेव्हा ती गरम होती. त्यानंतर रेकॉर्डखोलीचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. “किल्ली ज्याची, खोली त्याची,” म्हणायचे. मला त्या किल्लीचा आनंद कधीच झाला नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला. पाटी तिसऱ्यांदा रंगली, कचेरीत पेढे वाटले. त्या दिवशी बाबूजी काठी टेकत आले. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, “आत या ना, बाबूजी.”

ते दारातच थांबले. “तो बस्ता आला का?”

“नाही. दोन पत्रं पाठवली.”

“त्या फळीवर दुसरं काही ठेवलं तर नाही?”

“नाही, बाबूजी.”

“नोको ठेवू.” मग दाराची चौकट तीनदा हलकेच थोपटली आणि गेले. पाटीकडे त्यांनी त्या दिवशीही पाहिलं नाही.

त्याच वर्षी धानकापणीच्या दिवसांत ते वारले. कोहळी म्हातारा शेपटाच्या बांधीतल्या नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन कचेरीत आला होता. मी त्याला सांगितलं. तो व्हरांड्यात खाली बसला, गाठोडं मांडीवर धरून.

पुढे नवे साहेब रेकॉर्डखोली पाहायला आले. सगळीकडे बस्ते कोंबलेले, आणि मधेच एक जागा रिकामी. “ही फळी वाया का घालवली?” त्यांनी विचारलं.

“वाया नाही, साहेब,” मी म्हणालो. “इथं एक गाव आहे.”