आमच्या पाण्यातले मासे

सातपूरला आमचा प्लेटिंगचा छोटा कारखाना होता. लोखंडी भागांवर जस्ताचा मुलामा चढवायचं काम. त्यातून निघणारं विषारी पाणी साफ केल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. त्या यंत्रणेपायी माझ्या बांगड्या गेल्या. गटाराचं पाणी धुण्यासाठी बायकोचं सोनं मोडणारा नवरा माझ्याच नशिबी यावा!

लोकांना खात्री पटावी म्हणून ह्यांनी फाटकाजवळ हौद बांधला. साफ केलेलं पाणी आधी हौदात यायचं, मग झाडांना जायचं. निफाडला माझ्या भावाचं शेततळं आहे, तिथले मासे आणून हौदात सोडले. ते जगले, चांगले वाढले. हे रोज सकाळी चहाच्या आधी त्यांना बघायला जायचे. माझ्याकडे एवढ्या कौतुकाने कधी बघितलं नाही.

आमचं सगळं काम एकाच मोठ्या कंपनीचं. तिथले साहेब यायचे, हौदापाशी उभं राहून फोटो काढायचे. एकदा हॉटेलात स्टेजवर बोलावून ह्यांना 'हरित उद्योजक' म्हणून ढालही दिली.

पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला गेलं. तुमचा दर परवडत नाही, म्हणाले. दुसरा म्हणजे आमच्याच मागच्या गल्लीतला, ज्याचं गटार रोज वेगळ्या रंगाचं वाहतं. मला अजूनही संताप येतो. कामगार गेले, टाक्या कोरड्या पडल्या.

काम बंद, म्हणजे साफ करायला पाणीच नाही. उन्हाळ्यात हौद आटायला लागला, तेव्हा ह्यांनी नळाला पाइप लावून तो भरला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर सगळे मासे उलटे तरंगत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसलं नाही.

"आपल्या पाण्यात जगत होते गं," हे म्हणाले आणि कठड्यावर बसून रडले.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे साहेब होते. आता ज्याला काम दिलंय त्याला पाणी साफ करण्याचं सगळं समजावून सांगायचंय, आज घेऊन येऊ का, तुमचे मासेही त्याला दाखवू, म्हणाले.

"या ना," हे म्हणाले.

मी मासे काढायला जाळी आणली. ह्यांनी ती माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवून ठेवली.

"राहू देत. बघायला येतायत ना ते."