बंदूक खाली ठेवून राहिला

फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शन घेऊन मी तिवशाला घरी आलो, तेव्हा पुन्हा हत्यार हातात धरायचं नाही असं ठरवलं होतं. थोड्याच दिवसांत घरच्यांना माझा आणि मला घरच्यांचा कंटाळा आला. पोलिसांत माजी सैनिकांसाठी भरती निघाली होती. अर्ज केला आणि अमरावतीला पोस्टिंग मिळालं. शहराबाहेर, चांदूर रेल्वेच्या रस्त्याला, एक केंद्र उघडलं होतं. जंगलातून बंदुकीसह शरण आलेल्या नक्षल्यांना तिथं ठेवायचं, काहीतरी धंदा शिकवायचा आणि मग कुठंतरी कामाला लावून माणसांत सोडायचं. त्यांना पळू द्यायचं नाही आणि कोणाला त्यांना मारू द्यायचं नाही, हे आमचं काम. मी गार्ड कमांडर होतो.

मला हे काम आवडलं नव्हतं. पूर्वोत्तरात मी असल्याच लोकांच्या गोळ्यांनी आमची पोरं मेलेली पाहिली होती. एकाचं डोकं मांडीवर घेऊन हेलिकॉप्टरची वाट बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर अर्धं डोकं. आता तसल्याच लोकांना सकाळी पोहे द्यायचे आणि वेल्डिंग शिकवायचं. पहिल्या रोल कॉलला मी एकाचाही नमस्कार घेतला नाही.

दलसू त्यांच्यातलाच एक. राज्याच्या सीमेपलीकडच्या जंगलातला गोंड, अंगानं किरकोळ, दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या हत्यारबंद तुकडीत, डेप्युटी कमांडर होता. आमची एक गाडी भूसुरुंगानं उडवण्यात त्याचा हात होता. हे त्यानं मला स्वतःहून सांगितलं. गाडीत किती जण होते, त्यांतला कोण किती वेळ ओरडत होता, तेही सांगितलं. सांगून झाल्यावर डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि परत खिडकीची जाळी वेल्ड करायला बसला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मात्र वाटलं, निदान हा खोटं तरी बोलत नाही.

तो शरण आला तो बायकोपायी. रमकोही त्याच दलममध्ये होती. तिला दिवस गेले. दलममध्ये मूल चालत नाही, पाडून टाका असा हुकूम आला. त्याऐवजी दोघं दोन बंदुका घेऊन चालत निघाले आणि सरळ पोलीस ठाण्यात येऊन उभे राहिले. महिन्याभरात दलमनं त्याच्या गावात सभा भरवली. दलसूच्या बापाला खबऱ्या ठरवलं आणि काठ्यांनी मारलं, मेल्यावरही मारत राहिले. सगळ्या गावाला बघायला बसवलं होतं. दलसूचा धाकटा भाऊ मासा तेव्हा त्याच दलममध्ये होता. त्याला पहिल्या रांगेत उभं केलं होतं. हलला असता तर त्याचाही नंबर होता. तो हलला नाही.

"त्याले तिथून काढा लागते," दलसू मला नेहमी म्हणायचा. "सुभेदार भाऊ, तो माह्यापायी अडकला."

ही मराठी त्याला आम्ही शिकवलेली. आला तेव्हा त्याला गोंडी येत होती आणि मोडकीतोडकी हिंदी. आमचा गार्ड जवळजवळ सगळा वऱ्हाडातला, चांदूरचा, दर्यापूरचा, अकोटचा. त्यामुळं तो शिकला तीही वऱ्हाडीच. मले, तुले, कावून, आणि येऊन राहिलो, जाऊन राहिलो. आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे तो आत्ता येतोय, अजून वाटेत आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला वाटतं, आला आणि मुक्कामाला राहिला.

साताऱ्याचे कदम साहेब आमचे नवे इन्स्पेक्टर म्हणून आले त्या दिवशीच हा घोळ झाला. साहेबांनी चहाचं विचारलं. दलसू म्हणाला, "चहा उकळून राहिला."

"उकळून राहिला? मग गार झाला असेल," साहेब म्हणाले. "दुसरा टाक."

दलसूनं उकळत असलेला चहा मोरीत ओतला आणि दुसरा ठेवला. हुकूम तो हुकूम. त्यावर आम्ही साहेबांच्या माघारी आठवडाभर हसलो, त्यांना अर्थ मात्र कोणी सांगितला नाही. सर्वांत जास्त हसला शिपाई गायकवाड. तोही साताऱ्याकडचाच, त्यामुळं चहाच्या गोष्टीत साहेबांची नक्कल त्यालाच चांगली जमायची. त्याच्या मोटारसायकलचं तुटलेलं कॅरियर दलसूनंच जोडून दिलं होतं.

मूल झालं, मुलगी. केंद्रातला काळ संपल्यावर दलसूला अकोटला एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनच्या दुरुस्तीला लावलं. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेजारणी रमकोला आधी लांबूनच न्याहाळायच्या, मग एकदा मुलगी तापली तेव्हा दोघीतिघी घरात शिरल्या आणि पुढं बाहेर पडायचं नाव घेईनात. मी महिन्यातून एकदा तपासणीला जायचो. तपासणी कसली, जेवून यायचो. दलसू आडवा पडून झोपायला शिकला होता. जंगलात तो बसूनच झोपायचा म्हणे. पण जेवताना भावाचा विषय निघाला नाही असं कधी झालं नाही.

आणि हिवाळ्यात मासाचा निरोप आला. त्याचं दलम सातपुड्याच्या रांगेनं पश्चिमेकडं सरकलं होतं. मध्य प्रदेशातल्या एका बाजारातून त्यानं दलसूला फोन केला. निघतो, पण शरण येईन ते फक्त भावासमोर. पोलीस दिसले तर परत फिरेन. जागा ठरली ती अकोटच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एक संत्र्याची बाग. बागेपुढं मोकळी पट्टी, पट्टीपलीकडं उभी तूर, आणि डाव्या हाताला नाला.

ब्रीफिंग कदम साहेबांनी घेतलं. प्लॅन साधा होता. दलसू बागेच्या तोंडाशी एकटा उभा राहील. मासा तुरीतून पट्टीत येईल, रायफल खाली ठेवेल, हात वर करेल. मग साहेब चार जणांना घेऊन बागेतून पुढं होतील आणि त्याला ताब्यात घेतील. मी दोघांना घेऊन डावीकडं नाल्यात. बागेतून पट्टी दिसत नव्हती, झाडं दाट. म्हणून दलसूकडं वॉकीटॉकी. तो सांगेल तेव्हाच बागेतली पार्टी हलेल.

"सेटवर फक्त मराठी बोलायचं," साहेबांनी बजावलं. "त्यांच्याकडं आपले लुटलेले सेट आहेत. हिंदी आणि गोंडी ते ऐकतात. मराठी त्यांना येत नाही."

हुकूम बरोबर होता. मी असतो तरी हाच दिला असता.

सकाळी ऊन वर आल्यावर तूर हलली. मला नाल्याच्या काठावरून सगळं दिसत होतं. काळ्या पँटमधला एक पोरगा, पाठीवर सामानाचा पिट्टू, हातात इन्सास रायफल. भावापेक्षा उंच, पण चालणं तेच, टाच न टेकवता.

सेटवर दलसूचा आवाज आला. "साहेब, मासा येऊन राहिला."

"एकटाच आहे?"

"हाव. एकटाच हाये."

मासा पट्टीच्या मध्यावर थांबला. दलसू चालत त्याच्यापासून दोन-तीन पावलांवर जाऊन उभा राहिला. दलसूनं हातानं खूण केली, खाली ठेव. मासा गुडघ्यात वाकू लागला. रायफल दोन्ही हातांत आडवी, नळी बागेकडं.

"साहेब, बंदूक खाली ठेवून राहिला."

"ठेवून राहिला. रॉजर. पार्टी, मूव्ह."

मी बटण दाबून ओरडलो, "साहेब थांबा, अजून हातात आहे!" पण साहेबांनी त्याच क्षणी बटण दाबून पार्टीला दुसरा हुकूम दिला. दोघांनी एकदम बटण दाबलं की सेटवर नुसती खरखर येते. माझं ओरडणं कोणाला गेलं नाही.

बागेतून पहिला बाहेर पडला गायकवाड. त्याच्याकडं सेट नव्हता, त्याला साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की बंदूक जमिनीवर आहे. त्याला दिसला तो वाकलेला नक्षली आणि त्याच्याकडं वळलेली नळी. दगा, असंच कोणालाही वाटलं असतं. त्यानं तीन गोळ्यांचा बर्स्ट मारला. दलसू वळून आडवा झेपावला. तीनही गोळ्या त्याच्या पोटात आणि छातीत गेल्या. तो भावाच्या अंगावरच पडला.

पुढचं सगळं एकदम झालं. मासाच्या मागावर दलममधले दोघे आले होते, ते त्यालाही माहीत नव्हतं. गोळीचा आवाज झाला आणि तुरीतून एके-४७ सुरू झाली. गायकवाडच्या गळ्यात गोळी लागली. तो बसला, दोन्ही हातांनी गळा धरला, आणि बोटांमधून रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. एक ग्रेनेड बागेत येऊन फुटला. एका जवानाचा पाय गेला. संत्र्यांचा आणि बारुदाचा वास एकत्र आला. तो वास माझ्या नाकातून अजून जात नाही, घरात संत्री आणू देत नाही मी.

मी दोघांना घेऊन नाल्यानं पुढं पळालो आणि तुरीच्या बगलेला आलो. एक जण मॅगझिन बदलत होता. मी त्याच्या कुशीत चार गोळ्या घातल्या. तो पडला तरी हात हलत होता म्हणून आणखी एक घातली. त्याचं वय फार नव्हतं. ते नंतर पाहिलं, तेव्हा पाहायला वेळ नव्हता.

दुसरा आत सरकून पट्टीवर फायर करतच होता. आणि पट्टीत मासा उभा राहिला होता, हातात रायफल. पायाशी भाऊ, समोर आम्ही. नळी आमच्या बाजूला होती. त्या पोरानं ट्रिगर दाबला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"मासावर फायर नाही!" मी ओरडलो. "कोणी त्याच्यावर झाडायचं नाही!"

दलसू अजून जिवंत होता. त्यानं भावाच्या पँटचा पाय धरला आणि गोंडीत दोन शब्द बोलला. ते मला समजले नाहीत. मासानं खाली पाहिलं. मग तो वळला आणि अख्खं मॅगझिन तुरीत रिकामं केलं. तूर गुडघ्याएवढी छाटली गेली. पलीकडून फायर थांबला. आम्ही जाऊन पाहिलं तर त्या माणसाला तोंड उरलं नव्हतं.

परत आलो तेव्हा मासा भावाच्या पोटावर तळवे दाबून बसला होता. रायफल बाजूला पडली होती. दलसू गेला होता. मी सांगितलं तरी मासा हात काढेना. आम्हा तिघांना ते ओढून काढावे लागले.

चौकशी झाली. 'कम्युनिकेशन गॅप' असा शेरा पडला. सगळं आटोपल्यावर कदम साहेब माझ्या खोलीत आले. चार दिवसांत माणूस म्हातारा दिसायला लागला होता.

"सुभेदार, मी बरोबरच ऐकलं होतं हो," ते म्हणाले.

"हो साहेब. आणि त्यानंही बरोबरच सांगितलं होतं."

गायकवाडनं गोळी कोणाला घातली हे कळायच्या आत तो गेला. कधी वाटतं, ते एक बरं झालं. मग असं वाटल्याचीच लाज वाटते. उमदा पोरगा होता. त्याला मिळालेल्या हुकुमावर त्यानं तेच केलं जे मी त्याला शिकवलं होतं.

रमकोला सांगायला मीच गेलो. तिनं एकच विचारलं, "कोनाची गोळी?"

"आमची," मी म्हणालो.

तिनं मला सगळ्या शेजारणींसमोर थोबाडीत मारली. मी उभा राहिलो. दुसरी मारली. मग तिचे हात थांबले आणि तिनं विचारलं, "मासा कुठी हाये?"

मासा केंद्रात आला. तो पळणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. वरून सूचना आली, पहारा दुप्पट करा. बापाला त्यांनी मारलं, भावाला आम्ही मारलं, या पोरानं कोणाचं राहायचं? मी त्याच्याशी बोलायला जायचो, तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. रमको मुलीला घेऊन दर रविवारी बसनं यायची. तिच्याशी तो गोंडीत बोलायचा. हळूहळू मुलीशी मराठीत बोलायला लागला, कारण तिला तेवढीच येत होती. वर्ष सरलं. तो पळाला नाही. सोडायची वेळ आली तेव्हा त्याला विचारलं, कुठं जाणार? त्यानं अकोट सांगितलं. आता तो दलसूच्याच जिनिंगमध्ये आहे.

आमच्या मुख्यालयात शहिदांची शिळा आहे. दरवर्षी नावं वाचतात, बिगुल वाजतो. गायकवाडचं नाव तिथं आहे आणि ते असायलाच हवं. दलसूचं नाही, कारण तो पोलीस दलात नव्हता. नियम असेल, पण माझी तक्रार आहे. मी ती लेखी दिली, तोंडीही दिली, आणि मरेपर्यंत देईन. आमच्या हुकुमावर, आमचा सेट हातात धरून तो मेला.

गोंडांमध्ये मेलेल्यासाठी दगड उभा करतात. मासानं अकोटबाहेर, दलसूला पुरलं तिथं, एक पुरुषभर उंचीचा दगड उभा केला. मी मेडल लावून गेलो. रमको होती, मुलगी होती, जिनिंगमधले चार जण होते. दगडाला हळद लावून झाल्यावर मी मासाला इतक्या दिवसांचं मनातलं विचारलं. दलसू शेवटी काय म्हणाला होता?

"घरी जा, म्हणे."

त्यानं हळदीचे हात पँटला पुसले.

"मले आधी वाटलं, गावाकडं जा म्हनते. मंग वाटलं, जंगलात जा म्हनते. केंद्रात बसून तोच इचार करत होतो." त्यानं पुतणीला कडेवर घेतलं. "त्याले इचारू कसा, कोनतं घर म्हणून? मंग त्याच्याच घरी आलो."

मी सावधान झालो. आधी गायकवाडचं नाव घेतलं, मग दलसूचं. दोघांना एकच सॅल्यूट केला.