घाटातला उसासा

दिल्लीत आर. के. पुरमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना दिनकररावांनी पहिल्याच दिवशी ओळख सांगितली, "मैं बँकर था." तेव्हापासून मंडळी त्यांना एफडीचे व्याजदर विचारू लागली. एकानं तर पासबुकच आणलं. दिनकररावांनी समजावून पाहिलं, की बाबांनो, कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढताना गाडीला मागून जे इंजिन ढकलतं त्याला बँकर म्हणतात, मी ते चालवायचो. "अच्छा अच्छा, पीछे से धक्का!" म्हणून मंडळी पुन्हा व्याजावर. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि कुणीही विचारलं की "सव्वासात टक्के" असं ठोकून द्यायला लागले.

गोष्ट मात्र त्यांची नाही, ते जिच्याकडे राहायला आले त्या लेकीची. उल्काची.

उल्का मानेसरला ओतकामाच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. जाता-येता कंपनीची बस, आणि मधला दिवस लोखंडातले हवेचे बुडबुडे हुडकण्यात. सुटीच्या दिवशी मात्र ही बाई डोंगर करते. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचे जे खेळ असतात, त्यात गाडीला धावायला जमीन लागते. ती जमीन कुणीतरी हौसेनं, फुकटात घडवलेली असते. उल्का त्या जातीची. नवऱ्याला मिळालेल्या सरकारी क्वार्टरची मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली, त्यात एक टेबल, आणि त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात कसारा घाट उभा राहत होता.

लोकांना वाटतं, उपग्रहानं मोजलेल्या उंच्या आयत्या मिळतात, त्या ओतल्या की झाला डोंगर. तसं करून बघावं एकदा. उपग्रहाला झाडाचा शेंडा कुठला आणि जमीन कुठली ते कळत नाही, त्यामुळे रूळ झाडाझाडांवरून माकडासारखे उड्या मारतात. बोगदा तर त्याला दिसतच नाही. डोंगराच्या पोटातून जायची गाडी पाठीवर चढून बसते. मग बहुतेक जण सगळ्यावर इस्त्री फिरवतात. उल्का इस्त्रीवाली नव्हे. ती आधी रुळाचा चढ बसवते. सदतीस पावलं पुढं गेलं की एक पाऊल वर, हा त्या घाटाचा चढ. मग ती जमिनीला रुळापाशी बोलावते. इथे कातळ तासलेली खाच, तिथे मातीचा भराव, त्याखाली मोरी. पाणी कुठून वाहील हे ठरवल्याशिवाय तिनं एकही टेकडी उभी केली नाही. "पाण्याला वाट नसली ना, की तो डोंगर खोटा," म्हणते.

झाडं आणि घरं करून द्यायला गाझियाबादचा एक हरीश होता, फोनवरचाच दोस्त. त्याला तिनं सांगितलं, घाट के शुरू में एक छोटा मंदिर लगा दो. पोरानं मन लावून काम केलं. दगडी पायऱ्या, खाली नदी, नदीत बांधलेल्या नावा! दिल्लीकडे घाट म्हणजे नदीचाच. दिनकरराव ते बघून खोकला येईपर्यंत हसले. "कसाऱ्याला होड्या! अगं उल्के, आता लोणावळ्याला जहाज लाव!"

त्या दिवसापासून खुर्ची ओढून तेही बाल्कनीत बसू लागले. आधी या सगळ्याला 'कार्टून' म्हणणारा माणूस आता चुका काढायला लागला. उल्काला तेच हवं होतं. लहानपणी तिनं कितीदा हट्ट केला तरी बापानं तिला इंजिनात घेतलं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

एक दिवस ते एका बोगद्यापुढच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं सपाटी पायजे."

"इथे?"

"हां. इथं आलं की इंजिन उसासा टाकायचं. जोर दाखवणारा काटा खाली यायचा. आम्ही त्या जागेला उसासाच म्हणायचो. 'आला का रे उसासा?' 'आला, चहा काढ.'"

उल्कानं उंच्या तपासल्या. जुना नकाशा उघडला. "बाबा, सपाटी नाहीये इथे. चढ खाली आहे तेवढाच वर आहे."

"मग तुझ्या उपग्रहाला मोतीबिंदू झालाय."

"हा नकाशा उपग्रहाचा नाही. माणसांनी जागेवर जाऊन मोजलाय."

दिनकररावांनी बोट काढून घेतलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डोकं माझंच गेलं म्हण की."

ते उगाच म्हणाले नव्हते. आदल्याच आठवड्यात ते कोथिंबीर आणायला म्हणून निघाले आणि भलत्याच सेक्टरात जाऊन एका परक्या दाराची बेल वाजवत उभे राहिले. चौकीदारानं घरी आणून सोडलं. क्वार्टरं सगळी सारखी, कुणीही चुकेल, असं घरच्यांनी हसण्यावारी नेलं. दिनकररावांनी नेलं नव्हतं. गल्ली चुकली तर चुकली, घाट आपल्याला पाठ आहे, एवढी एक खुंटी धरून ते बसले होते. आता तीही हलली.

ते बाल्कनीत यायचे थांबले. बागेत कुणी व्याज विचारलं तर म्हणू लागले, "भूल गया, भाई."

अंशुमन, उल्काचा नवरा, मंत्रालयातला समजूतदार माणूस. तो म्हणाला, "यार, टाकून दे ना एक सपाटी. कुणाला कळणारे?"

"त्यांना कळेल."

"त्यांनाच तर हवीये!"

"मी खोटी जमीन टाकली ना अंशू, तर डोकं गेलं हे मीपण कबूल केलं असं होईल. येड्याची समजूत काढतात तसं." आणि तिनं कुकर असा आदळला की तो विषय तिथेच संपला.

पण सोडला नाही तिनं. बसमध्ये तोच बोगदा, जेवताना तोच. बाप खरा आणि नकाशाही खरा, मग मधलं काय सुटलंय?

ते सापडलं कारखान्यात. ओतलेला माल भट्टीकडून न्यायला फरशीत रूळ बसवलेले आहेत, त्यावर ट्रॉली ढकलतात. वळणावर दोघं जण वाकून जोर लावत होते, चाकं रुळाला घासून किर्रर्र करत होती. वळण संपलं आणि ट्रॉली अशी सुटली, की मागचा ओरडला, "अरे रोक, रोक! हल्की हो गई!" उल्का जागीच थांबली. फरशी तर एका पातळीत होती. तिनेच मोजून घेतली होती.

घरी येऊन तिनं नकाशा पुन्हा पाहिला. बोगद्याच्या अलीकडून बोगदा संपेपर्यंत सलग वळण होतं. पुढे रूळ सरळ होत होता, बरोबर बापाच्या बोटाच्या जागी. जमीन तिची खरी होती. खेळात वळणाची अडवणूक हिशेबात धरायची सोय तेवढी बंद राहिली होती, आणि आजवर तिचं लक्ष फक्त उंचीकडे. तिनं ती सुरू केली. जमिनीचं एक ढेकूळही हलवलं नाही.

रविवारी, बाल्कनीत ऊन आलेलं असताना, तिनं दिनकररावांना जवळजवळ ओढत आणलं.

"मला नको गं. दिसत नाही नीट."

"बसा तर. बोलायचं नाही, गाडी चालवायची."

मागचं इंजिन हाती घेऊन ते निघाले. चढ लागला, काटा वर गेला, आणि म्हाताऱ्याची पाठ आपोआप ताठ झाली. बोगदा आला. उल्का त्यांच्या मागे उभी होती, तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होता. बोगदा सरला. एकेक डबा सरळ रुळावर आला, शेवटी इंजिनही आलं, आणि काटा हळूच खाली उतरला.

हात थबकला. "सपाटी टाकलीस," ते तुटकपणे म्हणाले.

"नाही. बघा, चढ बघा. तेवढाच आहे." तिनं आकडा दाखवला. "वळण संपतंय इथे, बाबा. चाकं घासायची थांबतात, गाडी हलकी होते. तुम्हाला कळायचं ते बरोबर होतं, फक्त ते जमिनीत नव्हतं."

ते पुढं वाकून त्या काट्याकडे बघू लागले. मग डोळे न काढता म्हणाले, "आम्ही तिथून जन्म काढला गं. कुणाच्या ध्यानात नाही आलं."

गाडी वर चालली होती.

"चहा काढ," ते म्हणाले.

ती आत गेली, आधण ठेवलं. बाल्कनीतून हाक आली, "आणि त्या खाचेतलं गवत लई हिरवं केलंयस! असं नसतं ते!"

"कुठल्या महिन्याचं हवंय?"

"शिमग्यातलं कर. वाळलेलं."

उल्कानं आलं जरा जास्तच किसलं.