एका गोष्टीला एक नाव

खडू हातात आला की बाई आधी तो मोडत. मोठा तुकडा फळ्यापाशी आलेल्या विद्यार्थ्याला, छोटा स्वतःला. त्यांच्या चहात आलं इतकं असे की पाहुण्यांना ठसका लागायचा. इंग्रजी वाचताना त्यांचे ओठ हलत. "समजलं," असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवत नसत, म्हणत, "चित्र काढ." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर एकोणसाठाव्या दिवसाला लाल गोल.

अनेथ किस्वागा. इरिंगा शहरातल्या तंत्रशाळेत वेबसाइट बनवायला शिकवत. वय सेहेचाळीस. मी शेजारच्या खोलीत राहते. साहित्याची पदवी आहे, काम नाही. त्या मला पंडितीण म्हणत.

त्या शिकवत ते फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, फुकट मिळतं, जगभरातले लोक मिळून लिहितात. त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे. कुणी पान मागितलं की उत्तर देणारा कोडचा एक तुकडा असतो. तिसऱ्या प्रकरणात त्याचं नाव हँडलर, पाचव्यात कंट्रोलर, सातव्यात अ‍ॅक्शन. वस्तू एकच. लिहिणारे तीन.

आमच्याकडे इंग्रजी ही तिसरी भाषा. घरात हेहे, बाजारात स्वाहिली. मुलं छापलेल्यावर विश्वास ठेवतात. तीन नावं, म्हणजे तीन वस्तू. दरवर्षी निम्मा वर्ग तीन फायली बनवतो. तिन्ही एकमेकींची वाट बघत बसतात आणि पान उघडत नाही. लाझारो असाच नापास झाला. वर्गात सगळ्यात हुशार तोच होता. आता बसस्टँडवर मोटरसायकलवरून माणसं पोचवतो.

त्या निकालानंतर बाईंनी फ्रेमवर्कवाल्यांना सुधारणेचा प्रस्ताव पाठवला. एका गोष्टीला एकच नाव ठेवा. उत्तर आलं, हा शैलीचा प्रश्न आहे, संदर्भावरून कळतं. "कुणाला कळतं?" बाईंनी विचारलं. पुढे कुणी बोललं नाही. साठ दिवस कुणी काही लिहिलं नाही की तिथलं यंत्र प्रस्ताव आपोआप बंद करतं. म्हणून ते लाल गोल. दोन वर्षं, दर एकोणसाठाव्या दिवशी, बाई एकच ओळ लिहीत होत्या. "प्रश्न अजून शिल्लक आहे."

यंदा एप्रिलच्या बावीस तारखेला तिकडून कुणीतरी उत्तर लिहिलं. शब्दांची पूर्ण यादी द्या, पुराव्यासकट. जूनअखेर नवी आवृत्ती निघेल, तीत घेऊ.

बाईंनी तिथल्या तिथे लिहिलं, "देते." मग वही आखली. चौसष्ट ओळी. प्रत्येक शब्दापुढे दोन चौकोन. दोघांनी एकमेकांचं न बघता त्या शब्दाचं चित्र काढायचं. चित्रं जुळली तर शब्द राहील.

मी मदतीला बसले. व्याख्यांसाठी छान छान वाक्यं सुचवली.

"पंडितीण, हे लग्नातल्या भाषणाला ठेव."

"बाई, जरा तरी सुंदर नको का?"

"पोरगं अडखळलं नाही की झालं. तेच सुंदर."

एकामागून एक तेवीस ओळी पुऱ्या झाल्या. चोविसावीत ती तीन नावं होती. अ‍ॅक्शनसाठी मुलांनी सिनेमातली मारामारी काढली. कंट्रोलरसाठी एकाने पोलीस काढला, दुसऱ्याने टीव्हीचा रिमोट. हँडलरसाठी एका मुलीने हमाल काढला. डोक्यावर पेटी, एका हाताने घेतोय, दुसऱ्याने देतोय. बाईंनी हँडलरखाली रेघ मारली.

"दुसरं चित्र लाझारोचं हवं," त्या म्हणाल्या. "जो पडला त्यालाच खड्डा ठाऊक."

आम्ही बसस्टँडवर गेलो. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"काय बाई, आता इथे येऊनही नापास करणार?"

"एक चित्र काढ, गाढवा. दोन मिनिटं."

"न्जोम्बेची गाडी लागतेय, गिऱ्हाईक जाईल. शनिवारी या. चहा तुमचा, आलं कमी."

मंगळवार होता. बुधवारी शाळेत बाईंचं डोकं दुखायला लागलं. त्या पायऱ्यांवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. रक्तदाब, डॉक्टर म्हणाले. गुरुवारी सकाळी गेल्या. बारा जून.

शनिवारी लाझारो आला. दफनाला, बाईंच्या गावी. हेल्मेट हातातच होतं. वही माझ्याकडे नव्हती. असती तरी मी काढली नसती.

गावात नेटवर्क नाही. मी तिथे दहा दिवस राहिले, भांडी घासली, पाणी भरलं. लाल गोल वीस तारखेला होता. मला तो माहीत होता. रोज दिसायचा. गावात एकदाही आठवला नाही.

परत आले तेव्हा प्रस्ताव बंद झाला होता. यंत्राने दोन ओळी लिहिल्या होत्या, सहभागाबद्दल आभार मानले होते. मी घडलेलं सगळं लिहिलं. तेवीस शब्द तयार आहेत, तेवढे तरी घ्या, असंही लिहिलं. एका माणसाने दुःख व्यक्त केलं. बंद प्रस्ताव मूळ लेखकालाच पुन्हा उघडता येतो, असा नियम असल्याचं कळवलं.

नवी आवृत्ती ठरल्या दिवशी आली. मी पुस्तिका चाळली. नवव्या प्रकरणात त्याच तुकड्याला आता रिझॉल्व्हर म्हटलंय. चौथं नाव. सप्टेंबरात शाळेत नवा वर्ग भरेल. शिकवणारे नवे असतील, पुस्तिका हीच.

लाझारो स्टँडवर दिसतो. मी वही घेऊन एकदा गेले होते. त्याने बघितली, मिटली, परत दिली.

"कुणासाठी काढू आता?" म्हणाला.

मी वही पिशवीत ठेवली.

चोविसावी ओळ तशीच आहे. पहिल्या चौकोनात हमाल. दुसऱ्याच्या वर बाईंच्या अक्षरात "लाझारो, शनिवार". खाली चौकोन कोरा. पुढच्या चाळीस ओळी फक्त आखलेल्या.