न कापलेली पानं आणि प्राचीची उडालेली झोप

मंडळी, आज माझा विश्वासघात झालाय, तोही भयकादंबरीच्या बाबतीत!

इतकी भुतं वाचून झालीत की मी स्वतः निवडलेलं पुस्तक आता मला घाबरवत नाही. गारखेड्याच्या माझ्या मैत्रिणीनं, प्राचीनं दिलेलं मात्र हमखास घाबरवतं. परवा स्वतःकडची एक कादंबरी हातात देत म्हणाली, "लई भयानक आहे गं. शेवट वाचल्यापासून बाथरूमला जायलाही नवऱ्याला उठवते मी."

आज दुपारी दार लावून वाचत बसले. अंगावर चांगला काटा येत होता. शेवटाजवळ आले, तर पुढची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच! छापखान्यात कापायची राहिलेली. म्हणजे शेवट कुणी उघडलेलाच नव्हता.

सुरीनं पानं कापून वाचलं, पण गेलेला काटा काही परत आला नाही.

प्राचीला फोन लावून जाब विचारला. तर म्हणाली, "अगं, मी घाबरले म्हटल्याशिवाय तू घाबरतच नाहीस. दरवेळी असंच तर सांगते तुला!"

दरवेळी?

मग इतकी वर्षं मी लाइट चालू ठेवून झोपले, ती पुस्तकांना घाबरून, का प्राचीच्या थापांना? आणि आता मला घाबरवणार कोण?